काकडीचं गरम सूप

बोब्लिंगेन, जर्मनी, शनिवार संध्याकाळ

उकाड्यानं जीव नकोसा झालाय. त्यात आमची लेक रेवा जीहूनला पहिल्यांदा घरी घेऊन आली. लग्न करायचं म्हणतेय कार्टी. मुलगा कोरियन. माणसं पारखूनच धंदा उभा केलाय मी, सतरा प्रश्न तयार ठेवले होते.

त्यानं स्वतः केलेलं काकडीचं गार सूप आणलं, फ्रिजमध्ये ठेवलं. आणि आमच्या हिनं? पाहुण्याला फ्रिजमधलं कसं वाढायचं, म्हणून ते चक्क उकळलं! वाफाळत्या वाट्या बघून रेवाचा चेहरा पडला. जीहूननं मात्र फुंकर मारली आणि प्यायला लागला. या उकाड्यात, फुंकर मारून! वर आणखी मागून घेतलं. चव म्हणजे काकडीचा काढा. मीही वाटी संपवली.

"बघा, गरम केलं म्हणून आवडलं," ही खूश.

मग बाल्कनीत रेवा जर्मनमध्ये त्याच्यावर उखडली, "सांगितलं का नाहीस?" माझे कान तिकडेच. तो हळूच म्हणाला, "तूही आईंना सांगू नकोस. एवढ्या गरमीत माझ्यासाठी शेगडीपाशी उभ्या होत्या."

ती फुंकर काही डोळ्यांपुढून हलत नाही. प्रश्न एकही विचारला नाही.

तो गेल्यावर ही म्हणाली, "अहो, रेवाला काय सांगायचं?"

"हो म्हणून टाक. फक्त पुढच्या वेळी सूप त्यालाच वाढू दे."