बाटलीतलं चिमूटभर बी

३ मार्च

चि. ठोंब्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

खाडीच्या पाण्याची बाटली पोचली. गेल्या वर्षी पाण्यातल्या आम्लाने इवले शिंपले झिजून तुमचं कालवांचं सगळं बी मेलं, तेव्हापासून तुझं पाकीट दिसलं की हातातलं काम टाकून आधी ते उघडते. या खेपेस बातमी बरी आहे. प्रयोगशाळेत तीनदा तपासलं, आम्ल वाढलेलं नाही. तळाशी थोडा गाळ होता, तो गाळून टाकला. बी सोडायला हरकत नाही. भावजयीला म्हणावं, आता तरी नीट झोप.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दोघंही खाडीवर पळालो. हौदातलं सगळं बी जाळीच्या पेट्यांत भरून सोडलं, मागे एक दाणा ठेवला नाही. यंदाही गेलं तर खाडी सोडायची, असं ठरलंय. तुझी भावजय विचारते, एवढ्या समुद्रात लिंबू पिळतं तरी कोण? धुराड्यांचा धूर पाण्यात मुरतो, असं तूच सांगितलेलं मी तिला ऐकवलं.

एक राग मात्र आहे. तुला बघायला म्हणून बाटलीत चिमूटभर बी घातलं होतं, तिळाएवढं. त्याबद्दल एक अक्षर नाही. एवढी मोठी बाई झालीस होय?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा ठोंब्या

१२ मार्च

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच. बाटली माझ्या हातात आली तेव्हा तिच्यात बी उरलं नव्हतं. शिंपल्यात चुना असतो. वाटेतल्या चार दिवसांत पाण्यातल्या आम्लाने तो खाल्ला, आणि चुना विरघळल्यामुळे आम्लही मारलं गेलं. मी तपासलं ते तुझ्या खाडीचं पाणी राहिलंच नव्हतं. तो गाळ कसला, हे तुला विचारायला हवं होतं. पेट्या आत्ताच्या आत्ता वर काढ. मला फार भीती वाटते आहे.

ताई

१६ मार्च

ती. ताईस सा. न.

पत्र दुपारी मिळालं. भरती होती, तरी छातीभर पाण्यात उतरून पेट्या काढल्या. वरून सगळं जागच्या जागी दिसत होतं. तुझ्या भावजयीने एक दाणा चिमटीत धरला, त्याचं पीठ झालं. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत एकही कडक दाणा सापडला नाही. तू स्वतःला दोष देऊ नकोस, बाटलीत बी मीच घातलं होतं.

ती भांडी बांधायला लागली आहे. मी पायरीवर बसून लिहितोय. पाणी इतकं नितळ आहे की तळाचे खडे मोजता येतात, आणि मला त्यात पाय घालवत नाही. आम्हा दोघांना तुझ्याकडे एक खोली मिळेल का?

तुझा ठोंब्या