दुसरे पोते

बुधवार, सायंकाळ

आमच्या इमारतीतील वर्षाच्या गव्हाची यादी दरसाल मीच करतो. सांगितल्यापेक्षा वेगळा आकडा आजवर लिहिला नव्हता. आज लिहिला.

शेजारच्या सुमनवहिनी दारातच म्हणाल्या, "यंदा आमचं एकच पोतं लिहा, भावजी." त्यांचे यजमान वसंतराव अतिदक्षता विभागात आहेत, डॉक्टर काहीच निश्चित सांगत नाहीत. मी नेहमीप्रमाणे दोन लिहिली. नजरचूक म्हणावी, तर लिहिण्यापूर्वी मी चांगला थांबलो होतो.

वहिनींनी वहीत डोकावून पाहिले. "तुमच्या यादीत चूक? ह्यांना सांगायला हवं. पोट धरून हसतील." एवढे बोलून त्या आत गेल्या. खोडा म्हणाल्या नाहीत.

मी धीर दिला, की जे माझ्या हाती नाही त्याचा शब्द दिला? दोन पोती. गहू आला आणि वसंतराव आले नाहीत, तर ते दुसरे पोते वहिनी रोज पाहतील. हा विचार लिहिताना का सुचला नाही? यादी उद्या द्यायची आहे. आकडा अजून बदलता येईल.

भिंतीपलीकडून पत्रा घासल्याचा आवाज येतो आहे. वहिनींनी दुसरी कोठी धुवायला काढली असावी. वाळायला ती उपडी करणे एकटीला जमणार नाही. वही मिटून हात लावायला जातो.