सात कोल्ह्यांची टोपी

१ जुलै, सकाळ
आजपासून रोजनिशी. सरोवरातल्या या ताकिले बेटावर विश्वास ठेवावा असं कोणी उरलेलं नाही. वही बटाट्यांच्या पोत्यामागे लपवणार.

पुनो शहरातलं कॉलेज सोडून चार महिने झाले. खरं म्हणजे सोडलं नाही. प्रोफेसरला त्याची चूक कळावी म्हणून बाहेर पडलो. त्याला अजून कळलेली दिसत नाही.

संकल्प: सांतियागोच्या सणाच्या आदल्या दिवशी, २४ तारखेला, तायता मेलेसियोंपुढे (वडीलधाऱ्यांना आम्ही तायता म्हणतो) लग्न झालेल्यांची लाल टोपी ठेवायची आणि त्यांची मुलगी देल्फिना मागायची. रीत जुनीच. आमच्यात विणतात पुरुष. बायका कातणार, माग चालवणार आणि आमच्या विणीला नावं ठेवणार. मुलानं विणलेल्या टोपीत मुलीचा बाप तांब्याभर पाणी ओततो. ती हातांत धरून अंगणातून दगडी कमानीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पाणी राहिलं तर मुलगी दिली. गळलं तर बिनलग्नाच्यांची अर्धी पांढरी टोपी घालून हिंडा.

घट्ट वीण काय, कोणीही घालतो. माझ्या टोपीला कॉन्सेप्ट हवा.

२ जुलै
इन्स्पिरेशनसाठी पश्चिमेच्या कड्यावर बसलो. सरोवर दिसलं. त्यापलीकडे आणखी सरोवर. नाक सोललं. आई म्हणाली, बसल्या बसल्या चार बोटं तरी विणायचं होतंस. आईला कॉन्सेप्ट कळत नाही.

३ जुलै
सुचलं! पक्षी. शेपटी वर, चोच उघडी. सहा ओळी झाल्याही.

संध्याकाळी वाटेत शेजारचा रुफिनो. पाठीवर जळणाचं ओझं, गळ्याभोवतून धागा, पाय चालू, सुया चालू, तोंडही चालू. डोक्यावरच्या टोपीवर पक्षी. शेपटी वर. चोच उघडी. एका दिवसात चोरी! खडसावलं. म्हणाला, अरे सिरिलो, ही टोपी मी दोन वर्षं घालतोय. बघा, किती आधीपासूनची तयारी!

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, तो पक्षी माझ्या आज्यानं विणला होता, त्यानंही तुझाच चोरला का रे?

पक्षी उसवला.

४ जुलै
देल्फिनाच्या घराच्या कमानीशी रुफिनो उभा. तिनं त्याला कापडात बांधलेलं काहीतरी दिलं. तो हसला. ती हसली. मी खाकरल्यावर दोघंही गप्प. नोंद करून ठेवतो: या दोघांत काहीतरी आहे.

५ जुलै
रुफिनो दारात. बगलेत तेच गाठोडं. आत येऊ दे, कामाचं आहे म्हणाला. माझं विणकाम उघडं पडलेलं. दार लावलं. बाहेरून म्हणाला, अरे, ऐकून तर घे. चोर असंच म्हणतात.

यापुढे मेंढ्यांच्या गोठ्यात भिंतीकडे तोंड करून विणणार. इथले पुरुष चौकात बसून विणतात, एकमेकांची वीण ओढून बघतात, सैल झालीय म्हणून ओरडतात. म्हणूनच सगळ्यांच्या टोप्या सारख्या. मला सल्ला नको, प्रायव्हसी हवी.

८ जुलै, दुपार
टेकडीवरून आरशानं देल्फिनाच्या घरावर कवडसा टाकला. लगेच तिकडून लखकन उत्तर! तासभर बोलत होतो. मी थकलो तरी तिचं चालूच. एवढं प्रेम मला झेपेल का?

९ जुलै
ते तायता मेलेसियोंचं नवं सोलर पॅनल आहे. कोणाला सांगायचं नाही.

१० जुलै
देल्फिना वाटेत भेटली. चालता चालता चातीवर कातत होती. विचारलं, टोपीला कुठली लोकर घेतलीस? म्हटलं, गुपित आहे. ती म्हणाली, तुला कोणी काही आणून दिलं नाही? म्हटलं, मी कोणाकडून काही घेत नाही. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. छाप पडली असावी.

लोकर पुनोच्या बाजारातली आहे. गिरणीची, मऊ. पण हिला ही चौकशी कशाला? रुफिनोनंच पढवलेली असणार.

१२ जुलै
रुफिनो गोठ्याच्या भिंतीवरून डोकावला. पुन्हा गाठोडं. म्हणाला, लेका, हे घे एकदाचं आणि मला मोकळा कर. बटाटा फेकून मारला. कपाळावर बसला. बाबा म्हणाले, बटाटा उचलून आण.

आणि त्या रागातच इन्स्पिरेशन आलं! रुफिनो म्हणजे कोल्हा! टोपीभर सात कोल्हे, मधे एकटा पक्षी. बेटावर असं कोणी विणलेलं नाही.

१५ जुलै
कोल्हे मावेनात. टाके जरा मोठे केले. कलेला श्वास घ्यायला जागा लागते.

१७ जुलै
रुफिनो तिसऱ्यांदा. या वेळी दार बाबांनी उघडलं. मी आतून ओरडलो, हा घरात आला तर मी बेट सोडून जाईन. बाबा म्हणाले, कॉलेज सोडलंस, आता बेट सोड, मग राहील काय, सरोवर? रुफिनो म्हणाला, जाऊ द्या तायता, मी हे परत देऊन येतो.

खिडकीतून पाहिलं. थेट देल्फिनाच्या घराकडे वळला. माझा संशय कधी खोटा ठरलाय?

२१ जुलै
रुफिनो चौकात उघड्यावर बसून लाल टोपी विणतोय. धागा बारीक, पीळ घट्ट. म्हातारे वीण ओढून बघतात आणि माना डोलावतात. करू द्या. कॉन्सेप्ट शून्य.

माझी टोपी पूर्ण. आईनं ती उजेडाकडे धरली. म्हणाली, सिरिलो, मला कोंबडी दिसतेय. म्हटलं, तो कोल्हा आहे. ती म्हणाली, टोपीवर नाही रे, टोपीपलीकडे. अंगणातली.

२४ जुलै
तायता मेलेसियोंनी टोपी गोल फिरवून पाहिली. विचारलं, सात कुत्रे कशासाठी? मी शांत राहिलो. जवळजवळ.

पाणी ओतलं. पहिल्या कोल्ह्याच्या डोळ्यातून थेंब आला. मग सातही कोल्ह्यांनी एकदम तंगडी वर केली. कमान तीस पावलांवर. मी चौथ्या पावलाला कोरडा. म्हाताऱ्यांनी हसू लपवायला टोप्या तोंडावर ओढल्या. तायता म्हणाले, जाऊ दे पोरा, वाटेतल्या गवताला तरी मिळालं. मी म्हटलं, तांब्या नेहमीपेक्षा मोठा आहे. त्यांनी दाखवला. नेहमीचाच होता.

देल्फिना कमानीबाहेर येऊन म्हणाली, नाताळपासून कातत होते, फक्त तुझ्या टोपीसाठी. मुलीनं धागा स्वतः द्यायचा नसतो, म्हणून रुफिनोच्या हाती तीनदा पाठवला. तू त्याला बटाटा मारलास. शेवटी तो गाठोडं परत घेऊन आला आणि तरी तुझीच बाजू मांडत बसला, सिरिलो तापट आहे पण मनाचा वाईट नाही. तेव्हा म्हटलं, निदान हा माणूस दुसऱ्याचं ऐकून तरी घेतो. त्यालाच सांगितलं, ठेव धागा तूच.

मी विचारलं, गाठोड्यात काय आहे हे मला कोणी सांगितलं का नाही?

ती नुसतीच बघत राहिली. छाप वगैरे नव्हती.

१४ ऑगस्ट
आज देल्फिनाच्या अंगणात रुफिनोची परीक्षा. तो आधी माझ्याकडे आला. म्हणाला, तूच ओढून बघ सिरिलो, सैल असेल तर आत्ताच सांग. ओढली. गिरणीची लोकर हाताला अशी लागत नाही. सहा महिने कातलं होतं तिनं. हात लगेच काढता आला नाही. म्हटलं, ठीक आहे.

तो कमानीपर्यंत गेला, परत आला. तायतांनी टोपीतलं पाणी पुन्हा तांब्यात ओतलं. तांब्या भरला.

माझी टोपी स्वयंपाकघरात आहे. आई तिच्यात भिजवलेले बटाटे निथळत ठेवते. म्हणते, इतकी चांगली चाळणी पुनोतही मिळत नाही.

आत्ता मागची पानं चाळली. ४ जुलै: या दोघांत काहीतरी आहे.

सगळ्यांच्या आधी मलाच कळलं होतं.