नावाड्याचं नाणं

औसा, मंगळवार, संध्याकाळ

आज त्या ऑनलाइन मंचावर लई वाईट करून बसलो. तिथले लोक साधं बोलतच नाहीत, सगळं दाखल्यांतून. कुणी जपानी सिनेमातलं काढतं, कुणी ग्रीक कथेतलं. मी दरवेळी गुपचूप शोधून घेतो आणि मग मान डोलावतो. आज लातूरहून येताना बसमध्ये रेंज नव्हती धड, शोधलंच नाही. नागपूरच्या बाईंनी लिहिलं होतं, 'नावाड्याला नाणं दिलं. नाव सुटली.' मी हसरा चेहरा टाकला आणि खाली लिहिलं, 'मस्त जमलंय.'

घरी येऊन बघतो तर सगळे त्यांचं सांत्वन करायलेत. ग्रीक लोक म्हणे मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवायचे, पैलतीरी नेणाऱ्या नावाड्यासाठी. बाईंचे वडील सकाळीच गेले.

बायको म्हणाली, "खोडून टाका की. त्यात काय हाय?" खोडलं. पण बाईंनी ते आधीच वाचलं होतं. आता काय सांगू? कळलं नाही म्हणू? चार वर्षं सगळं कळतंय असं दाखवत आलो, आता कोण विश्वास ठेवील?

आणि नाणं मला शोधावं तरी का लागावं? माझे वडील गेले तेव्हा आईनं गळ्यातली पोत तोडून सोन्याचा मणी दिला. मीच तो त्यांच्या तोंडात ठेवला. मणी दातावर वाजला.

तेव्हा मागून कुणी म्हणालं असतं, मस्त जमलंय, तर?