घर बाळाचं, पण बाळाच्या हातात नाही

तीर्थस्वरूप आक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धरावं.) तुझी तब्येत विचारायची सोय नाही, कारण मागे विचारली तेव्हा "तुला काय करायचंय?" असं तू उलट टपाली विचारलं होतंस. तरी ती ठणठणीत असणार असं गृहीत धरून आमची हालहवाल कळवतो. चुलत असलीस तरी आमच्या पिढीत थोरली तूच, तेव्हा घडलेलं सांगायचा पहिला मान तुझा. पत्र निव्वळ खुशालीचं आहे, त्यात मागणं काही नाही, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे तू निर्धास्तपणे पुढे वाचशील.

चष्म्याचं दुकान बरं चाललंय. माणसांचे डोळे अधू होत राहतात, त्यामुळे या धंद्याला मरण नाही. बाळही मजेत आहे. (आपल्या धाकट्या भावाला अजून सगळे बाळच म्हणतात. डोक्यावरचे केस केव्हाच गेले. कुणी मागितले असतील तर त्याने दिलेही असतील.) त्याचा सढळ हात तुला ठाऊक आहे. दुकानाची शिडी रंगाऱ्याला, स्वतःचा कोट बसथांब्यावरच्या कुणा कुडकुडणाऱ्याला, आणि माझ्या खोलीतला पंखा, मी खोलीत असताना, वरच्या गल्लीतल्या बाळंतिणीला. मध्यंतरी एक गृहस्थ चष्मा करायला आले. वरची खोली हवेशीर दिसते म्हणाले, तर बाळ म्हणाला, या की राहायला. मी म्हटलं बोलाचाच भात नि बोलाचीच कढी. पण दुसऱ्या दिवशी गृहस्थ पलंगासह दारात हजर, आणि खोली कायमची दिल्याचा कागदही बरोबर. मी चष्म्याची काच घासत होतो, ती ठेवून येईपर्यंत बाळाने खाली सही केलेली! घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे म्हणून त्या सहीला काही किंमत आली नाही. गृहस्थ चिडून निघाले, तेव्हा बाळाला इतकं वाईट वाटलं की त्याने त्यांच्या पलंगावर आपली गादी ठेवून दिली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. त्यात आपले डॉक्टर. त्यांनी छातीला नळी लावली आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावून ठेवली. बोलले एवढंच, की जिने कमी चढा. आक्का, मरणाची मला भीती वाटत नाही असं लिहिणार होतो, पण वाटते, आणि ती माझ्यापेक्षा बाळासाठी जास्त वाटते. मला ना बायको ना पोर. मी गेलो की घर त्याचं, आणि आठवडा उलटायच्या आत ते कुणाचं झालेलं असेल हे देवालाही सांगता यायचं नाही. बाळाला रस्त्यावर यायला वैरी लागत नाही, नुसती ओळख झाली तरी पुरते. म्हणून मी मृत्युपत्र करायला घेतलं.

आपल्या घरची रीत तुला माहीतच आहे. छप्पर गळतंय म्हणून गवंड्याला बोलवायचं तरी आधी कागद करायचा आणि त्याखाली सगळ्यांनी सह्या ठोकायच्या. त्याच रीतीने मी मृत्युपत्र लिहिलं आणि दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. घर बाळाला, काचांचं कपाट दुकानातल्या बाईंना, मोठा आरसा शेजारच्या केशकर्तनवाल्यांना. तिघांनीही आनंदाने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. (बाईंनी दोनदा केली, पहिली नीट आली नाही म्हणून.) नुसता आरसा ऐकून केशकर्तनवाल्यांचा चेहरा जरा पडला, तर बाळाने पेन घेऊन त्यांच्या नावापुढे "वरचा मजलाही" असं सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं. हा ऐवज घेऊन मी ऐटीत वकीलबाईंकडे गेलो.

वकीलबाई म्हणजे दिसायला चारचौघींसारख्या, फक्त चष्मा आमच्याकडचा नाही. (नाकावर तिरका बसतो.) त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि पाणी मागवलं. ज्यांना मिळायचंय तेच साक्षीला, मग उद्या भांडण झालं तर त्या साक्षीला विचारतो कोण, असं त्या म्हणाल्या. साक्षीदार असा आणायचा, ज्याला माझ्या मरणाचा काडीचाही फायदा नाही. आता असा माणूस कुठून पैदा करायचा? मला चटकन समोरचा दुकानदार आठवला, त्याला मी काहीच ठेवलेलं नाही. पण तो पडला चष्मेवालाच. मी गेल्यावर सगळ्यांत जास्त फायदा त्याचाच.

पण पुढे जे ऐकलं त्याने मी थक्क झालो, आक्का. नुसत्या मृत्युपत्राने भागायचं नाही, विश्वस्त नेमा, असं बाई म्हणाल्या. म्हणजे घर बाळाचं, पण बाळाच्या हातात नाही. हातात विश्वस्ताच्या, पण विश्वस्ताचं नाही. बाळ त्यात जन्मभर राहणार, दुकानाच्या उत्पन्नावर जेवणार, पण विकू शकणार नाही, गहाण टाकू शकणार नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाला देऊन टाकू शकणार नाही. आणि मी? मी कुठेच नाही, तरी सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे. जिवंतपणी या घरात माझं कुणी एक ऐकत नाही, आणि मेल्यावर ऐकणार, हे ऐकून माझ्या अंगावर खरोखर काटा आला. मी जन्मभर लोकांना फळ्यावरची अक्षरं दाखवत आलो. ही बाई टेबलामागे बसून मी नसलेल्या वर्षांतलं दाखवत होती, तेही स्वच्छ. शिवाय तिचं ते "समजा"! समजा तुम्ही आधी गेलात, समजा बाळ आधी गेले, समजा दोघं एकदम, समजा विश्वस्तच गेला. चहाच्या एका कपात तिने सगळ्या घरादाराला चार-पाच वेळा मारलं, आणि दर वेळी घर मात्र सुखरूप बाहेर काढलं. जिना उतरताना माझे हात जोडलेलेच होते, कठडा धरायचंही राहिलं.

प्रश्न उरला विश्वस्ताचा. बाईंची अट एकच: बाळाला "नाही" म्हणू शकेल असा माणूस. केशकर्तनवाले म्हणाले, त्यात काय मोठंसं. मी परीक्षा म्हणून बाळाला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांच्या दारातल्या फुलवालीला दिवसभर उभं राहावं लागतं, एवढंच बाळ त्यांना म्हणाला. तेव्हापासून फुलवाली गिऱ्हाइकाच्या फिरत्या खुर्चीत बसते आणि गिऱ्हाईक स्टुलावर. दुकानातल्या बाईंना विचारलं, तर त्या "नाही" हा शब्द उच्चारण्याआधीच रडल्या. शेवटी बाळाला बरोबर नेऊन वकीलबाईंनाच गळ घातली. त्यांनी होकार द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर सर आली, आणि बाळ हळूच म्हणाला की रस्त्यापलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांकडे छत्री नाही. आक्का, मी डोळ्यांनी पाहिलं. कायदा कोळून प्यालेली ती बाई उठली, आपली छत्री देऊन आली, आणि परत बसल्यावर म्हणाली, "दुसरं कुणीतरी बघा."

तर हे असं आहे. बाकी सर्व क्षेम. तुझ्या गुलाबांना कीड लागली होती ती गेली असेल. कीडही तुझ्यासमोर फार काळ टिकेलसं वाटत नाही.

तुझा आज्ञाधारक,
दादा (तुझ्यापेक्षा धाकटाच)

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलंय, ते वर लिहिलंय. आक्का, विश्वस्त तू हो. मोठ्या इस्पितळाचं कोठार तू सांभाळलंस, आणि तुझ्या राज्यात मोठ्या सर्जनलाही कापसाच्या बोळ्यासाठी कारण लिहून द्यावं लागायचं. बाळाला आजवर तोंडावर "नाही" म्हटलेलं एकच माणूस मला आठवतं, आणि ते तू. वकीलबाईंना तुझ्याविषयी सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अशी माणसं अजून आहेत का, असं विचारलं. नाही म्हणू नकोस. म्हणजे बाळाला म्हण, मला म्हणू नकोस.

ता. क. चा ता. क. पाकीट बंद केलं होतं, पण आज वकीलबाईंकडे गेलो आणि ते पुन्हा फोडावं लागलं. बाळ परवा एकटाच त्यांच्याकडे जाऊन आला. त्यालाही मृत्युपत्र करायचं होतं. (बाईंनी सांगितलं नसतं, पण बाळाने त्यांना सांगायची परवानगीही देऊन टाकली.) तुमच्या मालकीचं काय आहे, असं त्यांनी विचारलं. तो बराच वेळ खिसे चाचपत राहिला आणि मग म्हणाला, "माझ्याकडे दादा आहे." माणूस मृत्युपत्रात ठेवता येत नाही, असं त्यांनी परोपरीने समजावलं. मग तो विश्वस्ताचंच विचारू लागला. मी आधी गेलो तर दादाचं काय, त्याला एकट्याला जमणार नाही, म्हणाला. विश्वस्त म्हणून त्याने तुझं नाव दिलं आहे. का, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाला की आक्का हातातलं कुणाला देत नाही, आणि दादा मला कुणाला द्यायचा नाहीये.