प्या, तुमचं काम झालं

रविवार, ६ ऑक्टोबर
अम्मानमधली नोकरी आजपासून सुरू! लुवेब्दा भागातल्या चढावर एका जुन्या फ्लॅटमध्ये पाच माणसांची कंपनी. माझं काम काय, तर त्यांचा कोड्यांचा गेम खेळायचा आणि चुका सापडतील तशा लिहून ठेवायच्या. गावाहून, करकहून, आईचा फोन आला. म्हणाली, घैथ, मुलगा खेळायचा पगार घेतो हे शेजारणींना सांगू कोणत्या तोंडानं? धाकटी बहीण शादेन हसून लोळली. ती इथेच फार्मसी शिकते, आता आम्ही दोघं एकत्र राहणार. वडील गेल्यापासून तिचं सगळं मीच बघतो. संध्याकाळी तिने मकलूबा केला. पातेलं उपडं केलं तर निम्मा भात बुडाशीच! खरवडून खाल्ला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
या गेमने वेड लावलंय. ओसाड दगडी घर, मालक आपण. एकेक कुलूप उघडलं की गोष्ट थोडी पुढे सरकते. शेजारच्या घराण्यातला मुतीब लग्नाआधीच विहिरीत पडून गेला, आणि कुणी त्याचं नाव काढत नाही. का, ते पुढचं कुलूप उघडल्याशिवाय कळत नाही. दुपारचं जेवायचंच विसरलो. एका पेटीने चार तास नाकी नऊ आणले. लॅपटॉप घरी आणून शादेनला दाखवला. तिने कोपऱ्यातलं कॉफीचं उखळ बघितलं, कॉफी कुटायचा ठेका टेबलावर धरला, त्याच ठेक्याने कळ दाबली आणि पेटी उघडली. वर म्हणते, गाढवा, नोकरी मला द्यायला हवी होती. पेटीत मुतीबच्या आजोबांचं पत्र होतं: माझा नातू एकटा राहणार नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर
आज बैठकीची खोली उघडली. आठ पुरुष बसलेले, मध्ये एक म्हातारा. मी कॉफी ओतली. त्याने कप न पिता समोर ठेवला, म्हणजे आमच्या रीतीप्रमाणे काहीतरी मागायला आला होता. पडद्यावर दोन पर्याय आले: ‘काय हवंय ते विचारा’ आणि ‘प्या, तुमचं काम झालं’. दारी आलेल्याला आधी विचारत बसणं म्हणजे त्याचा अपमान. बोट आपोआप दुसऱ्यावर गेलं. करकच्या माणसाने दुसरं काय केलं असतं? म्हातारा कॉफी प्यायला. म्हणाला, शादेन आमच्या मुतीबची झाली, पुढच्या शुक्रवारी नेऊ.

मी तडक कंपनीच्या मालकीणबाईंकडे, लमीसकडे गेलो आणि म्हणालो की थट्टेलाही मर्यादा असते. ती गोंधळली. म्हणाली, तुला बहीण आहे हेच मला आत्ता कळतंय, आणि अरे, आपल्या गेममध्ये माणूसच नाही, एकही आम्ही चितारलेला नाही. तिने तिच्याकडची बैठक उघडून दाखवली. तिथे नुसत्या गाद्या होत्या.

रविवार, १३ ऑक्टोबर
आईचा फोन. आनंदाने रडत होती. आठ खानदानी माणसं करकला येऊन गेली. म्हणाली, कॉफी तुझ्याकडेच प्यायले म्हणे, आईला सांगायचंस तरी! मुलगा म्हणे लग्नाच्या दिवशीच दिसेल. मी ओरडलो की मुलगा मेलेला आहे. ती म्हणाली, शब्द देऊन आता पळ काढतोस? बापाच्या नावाला काळं फासशील.

शादेनच्या बोटात अंगठी आहे. तिला वाटतं मीच आणून घातली. साबण लावून ओढली. रक्त आलं, अंगठी जागची हलली नाही. मला भीती वाटते आहे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
गेम पुसून टाकला. लॅपटॉप उघडला तर बैठक समोरच. पलीकडे नवी खोली — पलंग, आरसा, आणि उशाशी शादेनचं फार्मसीचं पुस्तक. तिचंच अक्षर. घरातलं पुस्तक सापडत नाही. शादेन म्हणते, घैथ, इथे विहिरीचा वास येतो रे. तिचे केस ओले आहेत. पुसले तरी ओले.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
कोडं आहे, म्हणजे सुटणार. आज मीच पाहुणा झालो. गेममध्ये त्यांच्या घरी गेलो. कॉफी आली. मी कप तसाच ठेवला. आता म्हाताऱ्याने ‘पी’ म्हणायलाच हवं, रीतच आहे —
तो हसला. म्हणाला, आधी सांग तरी, काय हवंय?
निर्लज्ज —
सांगितलं. बहीण परत द्या. त्याने माझा कप उचलला आणि जमिनीवर ओतला.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
आई आली आहे. जिन्यात बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या. भावाने नवरीच्या अंगावर अबाया घालून तिला बाहेर न्यायचं असतं. मी दार लावून घेतलंय. शादेन शेजारी बसली आहे. डाव्या हातात तिचा हात, उजव्याने लिहितोय.

म्हणाली, मला नाही जायचं रे. हात सोडू नकोस.

नाही सोडणार. काही झालं तरी —

बाहेर एकदम सगळं शांत. दार वाजलं नाही. आत कुणी आलं नाही.

हात हातातच आहे. घट्ट धरलाय. मान वळवत नाही. पण एवढा हलका कसा — आणि ती मला हाक मारतेय ती इतक्या खोलातून का —