गुरुवारचं टेबल

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून पूल खेळायला शिकायचा निर्णय. पक्का.

ही धाकट्या बहिणीकडे हवापालटाला गेली त्याला आज नऊ आठवडे झाले. मेहुणीचं घर इथून चार स्टॉपवर आहे, हवा तीच आहे, पण असो. आमचं भांडण वगैरे काही झालेलं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली की चोवीस वर्षं तुमची वाट बघून झाली, आता मी जरा बसते. कुठे बसते ते विचारायचं राहिलं. हातात कोटाची बाही होती.

हिला पूलचा नाद, म्हणजे तो काठीने टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायचा खेळ. सहा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी सोशल क्लबात जाते. गुरुवारी आपल्या टेलरिंगच्या दुकानाला सुट्टी. सुट्टी म्हणजे शटर अर्धं खाली ओढून मी आत शिवत असतो. ती चला म्हणायची, मी म्हणायचो एवढी पँट हातावेगळी करतो आणि आलोच.

योजना: महिनाभरात पूल शिकणे. ही बघेल, थक्क होईल, बॅग घेऊन घरी येईल. हात आणि नजर तयारच आहेत. शिकण्यासारखं त्यात फारसं नसावं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
क्लबात पहिला दिवस. मधोमध टेबल, वर खाली लोंबणारा दिवा, भिंतीला टेकून खुर्च्या, कोपऱ्यात चहा-सोड्याचं काउंटर. मी आत शिरलो तेव्हा ही नेम धरून वाकली होती. मला बघून तिचा हात थांबला. आनंदाने. पँटी संपल्या का, असं तिने विचारलं. मी हसलो. तीही हसली असती, पण तिची पाळी होती.

नवख्यांना एक रिटायर्ड पोस्टमन शिकवतात. सात बॉल पट्टेवाले, सात सपाट रंगाचे, एक काळा. आपले सात पॉकेटात घालायचे, काळा सगळ्यांत शेवटी. मारायचं ते फक्त पांढऱ्याने.

चौथ्याच फटक्यात मी काळा थेट कोपऱ्यातल्या पॉकेटात घातला. सगळा क्लब गप्प. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. मग पोस्टमननी माझ्या हातातून काठी अलगद काढून घेतली. काळा आधी गेला की डाव तिथेच हरला म्हणे. हे इतकं पुटपुटत सांगू नये. पण हिने पाहिलं हे नक्की.

डबल्समध्ये हिचा जोडीदार एक दंतवैद्य आहे. उंच. तीन बोटांचा हातमोजा घालून खेळतो. पँटची मागची शिवण मात्र ओढलेली. असलं काम मी दुकानाबाहेर पडू दिलं नसतं. जरा बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार
दुकानात सराव. कटिंगच्या टेबलावर सात लिंबं आणि काळ्याच्या जागी एक कांदा. वरचे हँगर काढायची काठी. प्रगती थक्क करणारी. एक लिंबू बँकेतल्या साहेबांच्या कोटाच्या खिशात गेलं. मुद्दाम घातलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
साहेबांचा फोन. कोट छान बसलाय, पण खिशात लिंबू का आहे, अशी चौकशी. शुभशकुन म्हणून सांगितलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
काठीच्या टोकाला निळा खडू घासतात, म्हणजे ती बॉलवरून सटकत नाही. खडूच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये. मी आपला शिवणकामाचा चपटा खडू नेला, एक नंबरचा. सढळ हाताने लावला. काठी तीनदा सटकली आणि चौथ्यांदा टेबलाच्या हिरव्या कापडात घुसली.

पोस्टमननी खडू नखाने खरवडून पाहिला. यात मेण आहे, म्हणाले. असणारच. म्हणून तर कापडावर सुळकन चालतो.

बोटभर फाटलं. पण चोवीस वर्षं काय हजामत केली? पाकिटातून सुई काढली, टेबलावर अर्धा आडवा झालो आणि रफू केलं. चाळीस मिनिटं. खेळ अर्थात बंद. रफू बेमालूम झालं आहे, बॉल तिथून जाताना किंचित उडी मारतो एवढंच. हिने खुर्चीत बसून सगळं पाहिलं, एकटक. मग पर्स उचलली. जाताना म्हणाली, निदान ते टेबल तरी सोडायचं होतंत.

लाडाने म्हणाली. नेहमी नऊपर्यंत थांबते, आज सव्वाआठला गेली. डोकं दुखत असावं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
ही आली नाही. सर्दी असणार, हवा बदलतेय. सरावाला मोकळं टेबल मिळालं ते एक बरंच झालं. आत गेलेले बॉल: शून्य. रफूमुळे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
आजही नाही. मेहुणीला फोन केला. सर्दी कशी आहे विचारलं. कोणाची सर्दी, असं तिने विचारलं. म्हणजे बरी झाली. मग भाऊजी, जेवता ना वेळेवर, म्हणाली. जेवतो म्हटलं. काल दुपारी जेवलो होतो.

५ मार्च, गुरुवार
ही नाही. माझ्या लक्षात आलं: माझा सराव पूर्ण होईपर्यंत ती मुद्दाम येत नाहीये. माझ्यावर दडपण नको म्हणून. इतका बारीक विचार तीच करू जाणे.

पोस्टमन आज जरा वैतागले. बॉल आत जातो का तेवढंच तुम्ही बघता, म्हणाले. मारून झाल्यावर पांढरा कुठे जाऊन थांबतो ते बघायचं असतं, पुढचं सगळं त्याच्यावर. मी म्हटलं आधी आत तर जाऊ दे.

तीन बॉल आत. त्यांतले दोन माझे.

९ मार्च, सोमवार
घरात तिच्या बाजूची उशी मी अजून हलवलेली नाही. आळस, दुसरं काही नाही. लिंबांचा सराव चालू.

१२ मार्च, गुरुवार
जिंकलो! आयुष्यातला पहिला डाव, तोही दंतवैद्याविरुद्ध. त्याने शेवटी काळ्याबरोबर पांढराही पॉकेटात घालवला, पण हार ती हार. भिंतीकडच्या खुर्च्यांकडे वळून पाहिलं. तिथे एक बाई होत्या, त्या दंतवैद्याच्या पत्नी. त्याला न्यायला आल्या होत्या. दोघं एका सोड्यात दोन स्ट्रॉ घालून प्यायले. म्हणजे तिकडे तसं काही नाही! मधे कोणी नाही. रस्ता मोकळा. पोस्टमनना चहा पाजला.

दंतवैद्य म्हणाला, हिने त्याला एप्रिलच्या डबल्स स्पर्धेसाठी दुसरा जोडीदार बघायला सांगितलं आहे. आंधळ्यालाही दिसेल याचा अर्थ. जागा माझ्यासाठी रिकामी केली आहे.

स्पर्धेच्या फळ्यावर जोड्यांची नावं लिहायला खडू ठेवलेला असतो. दंतवैद्याचं नाव पुसलं. लिहिलं: श्री. व सौ. अक्षर चांगलं आलं. पोस्टमन म्हणाले, त्यांना विचारलंत का? म्हटलं, आमच्यात विचारायची पद्धत नाही.

१७ मार्च, मंगळवार. दुपार
ही आली होती. दुकानात.

मी इंची टेप गळ्यात घेऊनच उठलो. बॅग दिसली नाही, म्हटलं मागून येईल. स्टूल पुढे केलं, त्यावर बसली नाही. पोस्टमनचा फोन आला होता तिला, फळ्याबद्दल. मी म्हटलं, सरप्राइज होतं. डाव जिंकल्याचं सांगितलं. लिंबांचंही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग बोलली. आवाज चढवला नाही. सहा वर्षं आठवड्यातली एक संध्याकाळ माझी होती, म्हणाली. तिथे मला कोणी टेलरची बायको म्हणत नव्हतं. तुम्ही यायला लागलात आणि मी नेम धरला की तुम्ही मान उंच करून बघायचात. मी काय करते ते नाही, मी तुमच्याकडे बघते का ते. मला खेळता येईना. चार गुरुवार बहिणीच्या गॅलरीत बसून काढले.

मी म्हटलं, तुझ्यासाठीच शिकलो. माहीत आहे, म्हणाली. पण मी या म्हणत होते तेव्हा मला तुम्ही यायला हवे होतात. आता नको आहे.

कोणी आहे का, असं मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. कोणी नाही, म्हणाली. हे फार लागलं. कोणी असता तर निदान भांडायला माणूस मिळाला असता. कोणी नाही म्हणजे माझ्यापेक्षा कोणी नसणं तिला बरं वाटतं.

घर नको म्हणाली, दागिने नकोत, काही नको. मला माझा गुरुवार परत द्या.

हो म्हटलं. तिच्या ब्लाउजची खांद्यावरची शिवण उसवली होती. दोन मिनिटांचं काम, देतो करून, असं मी म्हणालो. राहू द्या, मी घालेन टाका, म्हणाली आणि गेली. तिला टाका घालता येतो हेही मला माहीत नव्हतं.

१८ मार्च, बुधवार
क्लबात जाऊन आलो. बुधवारी तिथे कोणी नसतं. फळ्यावरचं पुसलं, हिचं नाव लिहिलं, नुसतं नाव, सौ. न लावता. शेजारी दंतवैद्याचं. पोस्टमनना म्हटलं माझं सभासदत्व बंद करा. कारण विचारतील म्हणून कंबरदुखी तयार ठेवली होती. त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले की आज मी कळवतो त्यांना. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी त्या रिकाम्या हॉलमध्ये रडलो. अगदी नाक पुसण्यापर्यंत. कंबरेचं सांगायचं राहूनच गेलं.

टेबलाला नवीन कापड बसवणार आहेत.

१९ मार्च, गुरुवार. संध्याकाळी साडेसात
घरीच आहे. दुकान पूर्ण बंद.

पोस्टमनचा फोन आला. ती आली आहे म्हणाले. पहिला डाव तिनेच सुरू केला. बरं, म्हटलं.

ती कशी खेळते ते मला सांगता येणार नाही. डाव्या हाताने नेम धरते की उजव्या, हेसुद्धा आठवत नाही. पोस्टमनना विचारणार होतो, पण ते म्हणाले थांबा, तिचा फटका आहे, आणि फोन ठेवला.